त्रेसष्ट फायलींचं निर्लेखन

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्शन खात्याच्या साइटने आज मला दारातूनच परत पाठवलं. अर्ज भरायला बसलो तर पडद्यावर पाटी: 'तुमची प्रणाली जुनी व असुरक्षित आहे.' बारा वर्षांचा संगणक म्हणे जुना! मी अडुसष्ट वर्षांचा आहे, मला कुणी अशी पाटी दाखवून बघावीच.

संगणकाची पेटी उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. हा दुकानदार स्वतःला कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणवतो. प्रत्यक्षात दिवसभर मोबाइलला काचा चिकटवतो. झाकणसुद्धा न उघडता म्हणाला, "काका, भंगारात द्या."

"आत पाहिलंत का?"

"आत काय पाहायचंय त्यात?"

एकतीस वर्षं मी अभिलेख कक्ष सांभाळला. फाइल न वाचता शेरा मारणारे असले महाभाग रोज माझ्या टेबलासमोरून जायचे. चार शब्द सुनावले आणि पेटी घेऊन परत आलो.

रविवारच्या पुरवणीत लिनक्स नावाच्या सिस्टीमबद्दल आलं होतं. फुकट मिळते. जगभरातले लोक बिनपगारी बसून ती तयार करतात, कुणीही घ्यावी, जुन्या यंत्रावरही म्हणे चालते. बिनपगारी माणसं कसल्या दर्जाचं काम करतात ते मला सांगायला नको. पण दुकानदाराचं नाक कापायला तेवढी पुरे आहे.

संगणक पुन्हा त्याच्या जागी, स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवला. दुपारी दोन ते चार तिथे ही बसते. नोकरीत टायपिस्ट होती, एकोणतीस वर्षं साहेबांची पत्रं बडवली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बोटांची खाज काही जात नाही. काय बडवते ते मी कधी विचारलं नाही. टायपिस्टला मजकूर विचारायचा नसतो, चुका विचारायच्या असतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना निर्णय जाहीर केला. ही हातातली पोळी तशीच धरून म्हणाली, "माझा 'कागद' नावाचा फोल्डर आहे त्यात. त्रेसष्ट फायली आहेत. महिनाअखेरीला वाचनालयातल्या बाईंना द्यायच्यात. तेवढ्या जपाल ना?"

मी म्हटलं, "कागद जपण्याबद्दल तू मला सांगतेस?"

"सांगून ठेवलेलं बरं."

संध्याकाळी मुलीचा फोन. आईने चुगली केलेली होतीच. "बाबा, तुम्ही हात लावू नका, मी सुट्टीत येते तेव्हा करू. आणि आईचं टायपिंग जुन्या फॉन्टमधलं आहे, तो फॉन्ट आधी..."

मी तिथेच तोडलं. मुलीला पाढे मी शिकवले, आता ती मला शिकवणार. एकदा नोकरीला लागली की मुलं आईबापांशी दुकानदारासारखी बोलायला लागतात.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस मोबाइलवर या लिनक्सवाल्यांच्या चर्चा वाचतोय. काय एकेक नमुने! एकाने साधा प्रश्न विचारला, की माझा प्रिंटर चालत नाही. त्यावर चाळीस जण आपापसांत भांडले, दोघांनी एकमेकांची अक्कल काढली, आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्यानेच लिहिलं, की वायर निघाली होती. याच सिस्टीमचे तीनशे प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराच्या भक्तांना बाकीचे दोनशे नव्व्याण्णव मूर्ख वाटतात. एवढ्या एका बाबतीत ते सगळेच बरोबर असावेत.

दुपारी वाचनालयातल्या बाई आल्या. हिच्याशी पॅसेजमध्ये कुजबुज झाली. जाताना मला म्हणाल्या, "गोष्टी फार सुंदर आहेत हो. मी पाचसहाच वाचल्यात, पण पुस्तक काढायचंच. तुम्ही तर सगळ्या वाचल्या असतील."

मी हो म्हटलं. बाईमाणसाला दारात उभं करून खुलासे कोण करणार? नंतर हिला विचारलं, "कुणाच्या गोष्टी फुकट टाइप करून देतेस?"

ही गॅस पुसत होती. म्हणाली, "आहेत एका बाईच्या."

"त्या बाईला स्वतःला टाइप करता येत नाही?"

"येतं की," ही म्हणाली, आणि पुसत राहिली. हिचं हे असं आहे. विचारावं एक, उत्तर भलतंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दहाबारा दिवस राहणार. घर शांत. मला अशीच शांतता हवी होती.

निघताना निळा पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकत होती. त्यात त्याच फायलींची दुसरी प्रत आहे म्हणाली. मी काढून घेतला. अभिलेख कक्षाचा पहिला नियम: प्रत कक्षाबाहेर जात नाही. प्रवासात पर्स हरवतात, बायका तर त्या हमखास हरवतात. हिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिक्षाकडे, आणि गेली.

तिच्या फोल्डरची ताजी प्रत त्या पेनड्राइव्हवर घेतली. मोजली. त्रेसष्ट. उगाच बोलायला जागा नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिनक्स दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर चढवली. आता संगणक सुरू होताना आतल्या डिस्कऐवजी या पेनड्राइव्हकडे बघायला हवा, आणि तो ढिम्म बघत नाही. सकाळपासून सोळा वेळा बंद-चालू केला. सुरू होताना कुठलं तरी एक बटण दाबायचं असतं. कुणी म्हणतं एफ-दोन, कुणी एफ-बारा, एक दीडशहाणा म्हणतो 'यंत्रावर अवलंबून'. हे उत्तर द्यायला जगभरातले लोक लागले!

शेवटी डिलीटच्या बटणाने काम झालं. कुणीच सांगितलं नव्हतं. मीच शोधलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं. जुनी सिस्टीम साफ, नवी बसली. पाऊण तास लागला. भंगार म्हणे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेट लागत नाही. वायफायची खूणच दिसत नाही. मोबाइलवर शोधलं तर कळलं, की या प्रकाराला माझ्या संगणकातला जुना वायफायचा तुकडा ओळखता येत नाही. दुसरा एक प्रकार आहे, त्याला येतो. म्हणजे इतकी माणसं इतकी वर्षं बिनपगारी खपली आणि दाराची कडी तेवढी बसवायची विसरली.

वैताग घालवायला हिच्या फायली परत चढवल्या आणि तपासायला एक उघडली. आत नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, कंस, आकडे. ना शेंडा ना बुडखा. दुसरी उघडली, तेच. सगळ्या त्रेसष्ट उघडल्या. एकातही आपलं एक अक्षर नाही.

खरं सांगायचं तर संगणक दोनदा बंद-चालू करून पाहिला. पण मी घाबरून निष्कर्ष काढणारा माणूस नाही. पेनड्राइव्हवरची, हिने स्वतः पूर्वी घेतलेली प्रत उघडली. तिथेही तोच कचरा, अक्षर न् अक्षर तोच! मग जीव भांड्यात पडला. दोन्ही प्रती सारख्याच सडलेल्या असतील तर वाळवी मुळातच लागलेली होती. माझ्या हाताने काहीही झालेलं नाही. कोर्टातही हे टिकेल.

हिचा फोन आला. बहिणीचं ऑपरेशन नीट झालं. मग, "फायली उघडल्या?"

"उघडल्या," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"सगळ्या?"

"सगळ्या." हिने सुटकेचा श्वास टाकला तो फोनवर ऐकू आला. सांगावंसं वाटलं होतं. पण तिथे आजारी माणूस, त्यात ही गोंधळ घालणार, मुलगी मध्ये पडणार. आली की सांगू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विचार केला. दुसरा प्रकार बसवायचा तर डिस्क पुन्हा साफ होणार, आणि तो चढवायला पेनड्राइव्हही लागणार. मंगळवारचा माझा पेनड्राइव्ह लहान आहे, त्यात तो मावत नाही. निळा मोठा आहे.

फायली ठेवाव्यात का? ठेवून काय करणार? आयुष्यभर लोकांना मी हेच समजावत आलो. अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, ड एक वर्ष आणि मग लगदा. वाचता न येणारा कागद कुठल्याच वर्गात बसत नाही. त्याची नोंद करायची आणि नष्ट करायचा. त्यालाच निर्लेखन म्हणतात. लोकांना वाटतं अभिलेखपाल कागद जपतो. मूर्ख आहेत. जपायला कपाटही पुरतं; काय जाळायचं ते ठरवायला माणूस लागतो.

नियमाप्रमाणे आधी नोंदवही करणार. क्रमांक, फायलीचं नाव, तारीख, आकार, आणि ओळख पटण्यासाठी पहिली ओळ जशीच्या तशी.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस नुसता तो कचरा उतरवतोय. मान मोडली. पण एक स्वल्पविराम सोडलेला नाही. आमच्या कक्षात नंतर आलेली ती पोरंटोरं 'मजकूर अवाच्य' असं लिहून मोकळी व्हायची. पाट्या टाकणारी जमात.

फायलींना नावंही धड नाहीत. 'एक', 'दोन', 'दोन नवीन', 'सात परत'. 'सात परत'च्या तर पुढे एक ते चार आकडे लावलेल्या चार फायली आहेत. एकच गोष्ट कुणी चारचार वेळा टाइप करतं का? ती जी कोण बाई आहे तिचं मन ठरत नसणार आणि आमची ही मुकाट बडवत बसणार.

त्रेसष्टावी नोंद झाली. खाली सही, तारीख. 'मजकूर नष्ट, जतन करण्यायोग्य नाही.'

१७ फेब्रुवारी, सोमवार

निळ्या पेनड्राइव्हवर दुसरा प्रकार चढवला. डिस्क पुन्हा साफ. अकरा वाजता सुरुवात, बारा वाजता वायफाय चालू! पेन्शनची साइट उघडली, अर्ज गेला, पोचही आली. यंत्र असं पळतंय की हिला ओळखू यायचं नाही.

मुद्दाम दुकानात गेलो. दुकानदार काच चिकटवत होता. सगळं सविस्तर सांगितलं. मान वर न करता म्हणाला, "वा काका. डेटा सगळा घेतला होता ना?"

"त्यात घेण्यासारखं काही नव्हतं," मी म्हटलं. शेवटपर्यंत शहाणपण शिकवायचं सोडत नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही आली. चहा होण्याआधीच पॅसेजमध्ये गेली. यंत्र वीस सेकंदांत सुरू झालं तेव्हा खरंच खूश झाली. "अगंबाई, किती पळतंय!" म्हणाली. मी तिथेच उभा होतो. मग तिने शोधलं. पुन्हा शोधलं.

"माझा फोल्डर कुठंय?"

मी नोंदवही पुढे केली आणि झालेला प्रकार क्रमाने सांगितला. वाळवी, दोन्ही प्रती, नियम. हिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "सगळ्या उघडून पाहिल्यात?"

"एक न् एक."

"आणि वाचल्या नाहीत."

"वाचण्यासारखं त्यात काही नव्हतंच."

हे मी तिच्या फायलींच्या अवस्थेबद्दल बोललो होतो. तिने कसं घेतलं ठाऊक नाही. तिने मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. मुलीने फायली कशा दिसत होत्या ते माझ्याकडून वदवून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तो कचरा नव्हता. आईचं टायपिंग जुन्या फॉन्टचं आहे. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, आपली अक्षरं फॉन्ट दाखवतो. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नव्हता, एवढंच. तो टाकला असता तर सगळं जसंच्या तसं दिसलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

"डिस्कमधून परत काढता येईल?" हिने विचारलं.

"पुसून वर दुसरं काही बसवलंय का?"

मी हो म्हटलं. पेनड्राइव्हचंही सांगितलं.

"मग कठीण आहे, आई," मुलगी म्हणाली. पुढचं बोलताना तिला रडू आलं. मला वाटलं आता हीसुद्धा रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. ही उठली आणि बहिणीकडून आणलेले कपडे धुवायला टाकले.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझं ताट वाढून ठेवून ही स्वयंपाकघरात एकटी जेवली.

वाचनालयातल्या बाई आल्या होत्या. हिने दारातच सांगितलं, "या वेळी नाही जमायचं." बाई म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या गोष्टींची सगळे वाट बघतायत. नऊ वर्षं लिहिताय, आता कसली वाट पाहायची?"

तुमच्या गोष्टी. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि ते उलटं होतं की सुलटं, देव जाणे. बाईंच्या घरातल्या प्रिंट काढलेल्या पाचसहा तेवढ्या उरल्यात, असं ऐकू आलं.

टायपिस्ट आहे, टाइप करते, असं मी धरून चाललो होतो. नऊ वर्षं रोज दोन तास. तेवढ्यात एकदाही तिच्या खुर्चीमागे उभं राहून पडद्याकडे पाहिलं नाही. दुकानदाराने निदान झाकणाकडे तरी पाहिलं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी दोन वाजता ही पॅसेजमध्ये बसली आणि म्हणाली, "ती वही आणा."

मी आणली. स्टूल घेऊन शेजारी बसलो.

"पहिल्या नोंदीची ओळ वाचा. एकेक अक्षर."

"व्ही," मी वाचलं. "के. ई. मोठा पी. अर्धविराम. के."

हिने डोळे मिटून बोटं कीबोर्डवर ठेवली होती. मी अक्षर सांगायचो, ती ते बटण दाबायची. एकोणतीस वर्षं टाइपरायटरवर ज्या बटणाला जे अक्षर होतं ते तिच्या बोटांना पाठ होतं. ती म्हणाली, "आमच्या."

ते सहा कचऱ्याचे ठिपके मी स्वतःच्या हाताने उतरवले होते.

पहिली ओळ पूर्ण व्हायला दहा मिनिटं लागली. 'आमच्या ऑफिसात एक माणूस होता, तो स्वतःचीच रजा स्वतः नामंजूर करायचा.' मला हसू फुटलं. हिने वळून पाहिलं. हसावं की नाही मला कळेना, म्हणून पुढची ओळ वाचायला घेतली.

'दोघी बहिणींनी मिळून एकच छत्री घेतली आणि त्याच वर्षी एक परगावी राहायला गेली.'

'मजकूर टायपिस्टलाही कळतो, हे साहेबांच्या कधी लक्षातच आलं नाही.' ही ओळ ती जरा भरभर बोलली.

चार वाजले तरी आम्ही उठलो नाही. चहासुद्धा झाला नाही. ओळी एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक गोष्ट पहिल्या ओळीतच तुटत होती, कारण पडद्यावर जेवढी मावली तेवढीच मी घेतली होती. नियमात तेवढीच सांगितली होती. मी जन्मभर नियमाचा अभिमान बाळगला. आज पहिल्यांदा तो नियम करणाऱ्याची कीव आली, आणि पाळणाऱ्याची जास्त.

सतरावी नोंद 'सात परत' होती. त्या चारांपैकी शेवटची. 'लग्नाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिला नवऱ्याने पहिल्यांदा एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून ती'

ओळ तिथे तुटली. आमच्या लग्नाला या मे महिन्यात एकेचाळीस वर्षं होतील. मी वहीकडे पाहिलं, मागचं पान पाहिलं, जणू पुढचं मीच कुठेतरी लिहून ठेवलं असेल.

"आणि ती काय?" मी विचारलं. "पुढे काय झालं?"

हिची बोटं अजून बटणांवरच होती.

"पुढचं तुम्ही पुसलंत," ही म्हणाली. "अठरावी वाचा."